करेला फिरवण्याला ऑलिंपिक पदक?

लंडनकर_मिरजेचा: इथल्या जिममध्ये ट्रेनरने लाकडी बाटल्यांसारखे दोन 'इंडियन क्लब' हातात दिले. आमच्या तालमीतले करेलेच की हो! पण वजन जेमतेम अर्धा किलो. हे इकडे आले कसे?

जुना_तालीमवाला: गोऱ्या पलटणींबरोबर. हिंदुस्थानात साहेबांनी आपले शिपाई करेला फिरवताना पाहिले आणि उचलून नेलं. १८३४ साली डोनाल्ड वॉकरने लंडनात व्यायामावर पुस्तक काढलं, त्यात हे प्रकार आहेत. पुढे शाळांतून, बायकांच्या कवायतीतून ते हलके होत गेले. आमचे वस्ताद हसले असते, पण खांदा मोकळा करायला हलकेच बरे.

पुस्तकातला_किडा: ऑलिंपिकमध्येही होते! १९०४ ला सेंट लुईस, १९३२ ला लॉस एंजेलिस. १९३२ चं सुवर्ण अमेरिकेच्या जॉर्ज रॉथला. मंदीचे दिवस, गडी बेकार. पदक घेतलं आणि गाड्यांना हात करत घरी गेला म्हणे.

लंडनकर_मिरजेचा: अरे बापरे. बरं दादा, माझा उजवा करेला डोक्यावर आपटतो, काय करू?

जुना_तालीमवाला: मुठीत आवळू नकोस. मनगट सैल ठेव, कोपर वर, आणि पाठीमागून घसरू दे. आधी एकेका हाताने. आरसा नको.