नशीब, दैव, प्रारब्ध एकच का?

प्रश्न: आजी लॉटरी लागली की "नशीब" म्हणायची आणि कुणी अकाली गेलं की "प्रारब्ध", उलटं कधीच नाही. नक्की फरक काय हो?

उत्तर: नशीब अरबीतून आलंय, मूळ अर्थ वाटा. प्रारब्ध म्हणजे सुरू झालेलं, संचितातला, म्हणजे मागच्या जन्मांच्या साठलेल्या कर्मांतला, जो भाग या जन्मात भोगायला लागलाय तो, म्हणून ते भोगूनच संपतं. आजी बरोबर होत्या.

उत्तर: दैव राहिलं की! "दैव देतं आणि कर्म नेतं" यात दैव उदार आहे, घालवतो आपणच.

उत्तर: आमच्याकडे बाळाच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई रात्री येऊन भाळी लिहिते म्हणून, आई रात्रभर दिवा विझू देत नव्हती. त्याला नशीब नाही म्हणत, "सटवीनं लिहिलेलं" म्हणतात.