ब्लॅक बायका बाळंतपणात जास्त का दगावतात? 'त्या काळजी घेत नाहीत' हे उत्तर मला पटत नाही

मुक्ता_अटलांटा

गेल्या आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमात जेवताना विषय निघाला आणि एक काका अगदी सहज बोलून गेले की इथल्या ब्लॅक बायका बाळंतपणात जास्त दगावतात कारण त्या चेकअपला जात नाहीत, वजन जास्त, खाणं वाईट. टेबलावरच्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मी लेबर अँड डिलिव्हरी आणि पोस्टपार्टमची नर्स आहे, पण तिथे ताटावर बसून किती बोलणार म्हणून इथे लिहितेय.

आधी आकडे. सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, तिच्याप्रमाणे २०२३ मधे दर लाख जिवंत जन्मांमागे ब्लॅक बायकांचे मृत्यू ५०.३, गोऱ्या बायकांचे १४.५, हिस्पॅनिक १२.४, एशियन १०.७. आणि २०२२ शी ताडून बघा, बाकी सगळ्यांचे आकडे खाली आले, ब्लॅक बायकांचा ४९.५ होता तो तिथेच राहिला.

आता 'शिक्षण नाही, पैसा नाही' हे कारण घ्या. सीडीसीच्याच २०१९ च्या अहवालात कॉलेजची डिग्री असलेल्या ब्लॅक बायकांच्या मृत्यूचं प्रमाण डिग्रीवाल्या गोऱ्या बायकांच्या पाच पटीहून जास्त आहे. इतकंच नाही, हायस्कूलही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बायकांपेक्षाही ते जास्त आहे. आमच्या अटलांटातलीच शॅलन अर्व्हिंग घ्या, पीएचडी, सीडीसीत एपिडेमिऑलॉजिस्ट (रोग कोणाला आणि का होतात याचा अभ्यास करणारी), विषमतेचा तब्येतीवर काय परिणाम होतो हाच अभ्यासाचा विषय. जानेवारी २०१७ मधे बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी गेली, वय ३६. त्या तीन आठवड्यांत बीपी वाढलं होतं, पाय सुजला होता, क्लिनिकला चकरा झाल्या होत्या. शेवटच्या दिवशी बीपीची गोळी लिहून देऊन घरी पाठवलं आणि त्याच दिवशी ती घरी कोसळली. तिने काळजी घेतली नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

सेरेना विल्यम्सचं तर सगळ्यांनी वाचलंय. २०१७ ला सिझेरियननंतर दम लागला, तिला आधी रक्ताच्या गुठळ्या झालेल्या होत्या म्हणून तिने स्वतःच सांगितलं की सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारं हेपारिन लावा. नर्सला वाटलं पेनकिलरमुळे काहीतरी बोलतेय. आधी पायांची सोनोग्राफी केली, मग कधीतरी सीटी केला, तर फुफ्फुसात गुठळ्या निघाल्या.

माझं म्हणणं एवढंच की बाईने तोंडाने सांगितलेली तक्रार हा पुरावाच धरला जात नाही, आणि ब्लॅक बाईची तर सगळ्यात कमी.

एक उदाहरण देते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. सिझेरियननंतरचा तिसरा दिवस, डिस्चार्जचे कागद तयार, बाळ कारसीटमधे. पेशंट म्हणाली डोकं दुखतंय, डोळ्यांच्या मागे, आणि लाईट बंद करा. बीपी १४८/९४. रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) म्हणाला झोप झाली नाहीये, टायलेनॉल द्या. मी डिस्चार्ज थांबवून पंधरा मिनिटांनी परत बीपी घेतलं तर १६४/११२, आणखी पंधरा मिनिटांनी तेवढंच. मग धावपळ, शिरेतून बीपी उतरवायला लॅबेटालॉल, फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सुरू. ती बरी होऊन घरी गेली, पण कागदांवर सही झाली असती तर ती त्या वेळी हायवेवर असती. त्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या गोऱ्या पेशंटने डोकं दुखतंय म्हटल्यावर ॲनेस्थेशियावाले (भूलतज्ज्ञ) लगेच वर आले होते.

डॉ_रणजित_टेक्सास

मी ओबी, म्हणजे बाळंतपणाचा डॉक्टर आहे. मुक्ताताई, कळकळ समजतेय पण तुमचं निदान मला मान्य नाही.

पहिली गोष्ट, त्या शेजारच्या खोलीतल्या पेशंटला एपिड्युरल (पाठीतून दिलेली भूल) असेल तर ॲनेस्थेशिया येणारच, सुई टोचल्यानंतरची डोकेदुखी हा त्यांचा विषय आहे. दोन वेगळ्या डोकेदुख्या शेजारी ठेवून रंगभेद सिद्ध होत नाही. दुसरं, ब्लॅक बायकांमधे प्रेग्नन्सीच्या आधीपासूनचं ब्लड प्रेशर जास्त, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) जास्त आणि लवकर, पेरिपार्टम कार्डिओमायोपथी (बाळंतपणाच्या सुमारास हृदय कमजोर होणं) जास्त. रिस्क घेऊनच बाई आमच्या दारात येते. तिसरं म्हणजे कुठे बाळंत होतात ते बघा, अमेरिकेतल्या ब्लॅक बायकांची तीन चतुर्थांश बाळंतपणं एक चतुर्थांश हॉस्पिटलांमधे होतात आणि त्यातली बरीच हॉस्पिटलं कमी स्टाफवर चालतात. तिथे गोरी बाई गेली तरी तिचंही तेच होणार.

आणि डेटाबद्दल बोलायचं तर २००३ पासून डेथ सर्टिफिकेटवर प्रेग्नन्सीचा चेकबॉक्स आला, एकेका राज्याने तो घेतला, चुकीच्या टिकमुळे बाळंतपणाशी संबंध नसलेले मृत्यूही मोजले गेले आणि आकडे फुगले. फ्लोरिडातल्या जन्मांचा २०२० चा तो गाजलेला पेपर आठवत असेल, ब्लॅक डॉक्टर असेल तर ब्लॅक बाळं जास्त वाचतात. २०२४ मधे त्याच डेटात अत्यंत कमी वजनाची बाळं हिशोबात धरली तर तो फरक जवळजवळ उरलाच नाही. मधल्या काळात तो पेपर किती लेक्चरांमधे दाखवला गेला असेल! रात्रभर जागून बायका वाचवणाऱ्या माणसाला तू मनातून वर्णद्वेष्टा आहेस असं सांगितलं की तो ऐकायचं थांबवतो, हे मी मीटिंगांमधे डोळ्यांनी बघितलंय.

रोहिणी_लेस्टर

डॉक्टर, इन्शुरन्स आणि गरीब हॉस्पिटल हेच कारण असेल तर इंग्लंडमधे फरक दिसायला नको होता. इथे एनएचएसमधे (सरकारी आरोग्यसेवेत) बाळंतपणाला एक पेनी लागत नाही. तरी इथल्या एमब्रेसच्या (मातामृत्यू तपासणारा राष्ट्रीय कार्यक्रम) अहवालांत काही वर्षांपूर्वी ब्लॅक बायकांच्या मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या पाच पट होतं, आता उतरलंय तरी दुपटीच्या वर आहे. एशियन बायकांचंही गोऱ्यांपेक्षा जास्तच येत आलंय. 'फाइव्ह एक्स मोअर' ही चळवळ दोन ब्लॅक मातांनी २०१९ ला सुरू केली ती याच पाच पटीवरून.

आणि आपल्या बायकांचं काय होतं ते पण सांगते. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी कळा सुरू होऊन किती वेळ झालेला, मिडवाइफ आत न तपासताच म्हणाली की एशियन बायकांना जरा जास्तच दुखतं, अजून वेळ आहे. मी इंग्लिश बोलते, बँकेत नोकरी करते, तरीही. माझ्या सासूबाई शेजारी बसून मराठीत म्हणत होत्या की अगं डोकं आलंय बाळाचं, पण म्हाताऱ्या बाईचं कोण ऐकतंय. दहा मिनिटांत बाळ बाहेर. तिथे ना बीपी होतं ना फायब्रॉइड.

विश्वास_इचलकरंजी

माफ करा पण मला हा सगळा धागाच लांबचा वाटतोय. महाराष्ट्राचा मातामृत्यूचा दर २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत ३३ आहे, म्हणजे तुमच्या त्या ५० पेक्षा कमीच, पण तो सरासरी आहे. नंदुरबारला, गडचिरोलीला, मेळघाटात जा आणि मग बोला. सरकारी लेबर रूममधे आदिवासी बाईशी कोण कसं बोलतं हे सगळ्यांना माहीत आहे, तिची जात आणि भाषा ऐकूनच आवाज चढतो. माझी बहीण आशा वर्कर आहे, ती रोज बघते. इथल्या बाईसाठी कोण लिहिणार?

मुक्ता_अटलांटा

विश्वासदादा, तुम्ही लिहा ना, तुमच्या बहिणीकडून ऐकून लिहा, मी नक्की वाचेन. माझ्या डोळ्यासमोर जे आहे ते मी लिहिणार. आणि ते लांबचं नाहीये, कारण इथल्या हॉस्पिटलात अंगावर पांढरा कोट घालून आपलीच कितीतरी मुलं उभी आहेत. तुम्ही म्हणता तो चढलेला आवाज घरून घेऊन आलेलं कोणी त्यात असेल तर ते इथे ब्लॅक बाईसमोर उभं राहणारच.

डॉक्टर, तुमचे मुद्दे एकेक घेते. चेकबॉक्समुळे आकडे फुगले हे खरं. पण ज्या अभ्यासाने २०२४ मधे हे दाखवलं त्यातही ब्लॅक आणि गोऱ्या बायकांमधलं अंतर तिपटीच्या आसपास तसंच राहिलं होतं. फ्लोरिडाचा पेपर मी वापरलेलाच नाही. बीपी आधीपासून असतं, मान्य, पण मग तेवढंच जास्त सावध राहायला नको का? राज्यांच्या समित्या प्रत्येक मृत्यूची फाइल उघडून बघतात, २०१७ ते २०१९ च्या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून जास्त टाळता आले असते असं त्यांचंच म्हणणं आहे.

आणि 'मनातून' हा शब्द तुमचा, मी तो वापरलेला नाही. माझा रोख कामाच्या पद्धतीवर आहे. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत २०१६ मधे गोऱ्या मेडिकल स्टुडंट्सना आणि रेसिडेंट्सना विचारलं तर जवळजवळ निम्म्यांना काहीतरी एक खोटी समजूत खरी वाटत होती, ब्लॅक माणसाची कातडी जाड असते वगैरे. ज्यांच्या अशा समजुती जास्त, त्यांचा दुखण्याचा अंदाजही चुकत होता. शिकागोच्या एका अभ्यासात २०२२ मधे निघालं की ब्लॅक पेशंटच्या नोट्समधे 'नॉन-कम्प्लायंट' (सांगितलेलं ऐकत नाही), 'अ‍ॅजिटेटेड' (चिडलेली) असले शब्द येण्याची शक्यता अडीच पट. शिफ्ट बदलताना मी आधी नोट वाचते आणि मग खोलीत जाते, सगळेच तसं करतात, म्हणजे बाई तोंड उघडायच्या आत तिच्याबद्दलचं मत माझ्या डोक्यात बसलेलं असतं.

व्हीबॅकचा कॅल्क्युलेटर तर तुम्ही वापरलाच असेल. आधी सिझर झालेल्या बाईला या वेळी नॉर्मल होईल का याचा अंदाज देणारा. त्यात ब्लॅक किंवा हिस्पॅनिक असं टिक केलं की टक्केवारी खाली यायची! २०२१ मधे तो रकाना काढला. तोपर्यंत किती जणींना तुमचं नॉर्मल होणं कठीण आहे म्हणून परत टेबलावर घेतलं असेल.

डॉ_रणजित_टेक्सास

वापरलाय, रकाना काढला ते योग्यच झालं. आणि त्याच उदाहरणावरून मी माझा मुद्दा परत मांडतो. तिथे काय सुधारलं? फॉर्म्युला. कोणाचं मन बदलायच्या मागे न लागता एका दिवसात सगळ्या देशात सुधारणा झाली. कॅलिफोर्नियाने २००६ नंतर तेच केलं, रक्तस्राव झाला तर लागणाऱ्या सामानाची ट्रॉली प्रत्येक मजल्यावर तयार, किती रक्त गेलं ते नजरेने न ठरवता कापडाचं वजन करून मोजायचं, किती गेलं की कोणाला बोलवायचं ते भिंतीवर लिहिलेलं. २०१३ पर्यंत त्यांचे मातामृत्यू निम्म्याच्या खाली आले. याउलट २०१९ ला त्याच राज्याने बायस ट्रेनिंगचा (मनातले पूर्वग्रह ओळखायच्या प्रशिक्षणाचा) कायदा केला, लोक दुसऱ्या टॅबमधे व्हिडिओ लावतात आणि सर्टिफिकेट काढतात. पैसा आणि वेळ कुठे घालायचा हा प्रश्न आहे. मी म्हणतो प्रोटोकॉलमधे घाला, आणि बाळंतपणानंतरच्या इन्शुरन्समधे घाला, कारण साधारण तीस टक्के मृत्यू सहा आठवड्यांनंतर होतात आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) पूर्वी साठ दिवसांत संपायचं. आता बहुतेक राज्यांनी ते वर्षभर केलंय, ह्याने जेवढे जीव वाचतील तेवढे कुठल्याही चर्चेने वाचणार नाहीत.

मुक्ता_अटलांटा

मेडिकेडबद्दल शंभर टक्के. पण कॅलिफोर्नियाचं अर्धंच सांगितलंत. एकूण मृत्यू निम्मे झाले तेव्हा ब्लॅक बायकांचेही कमी झाले, पण अंतर तसंच राहिलं. बीपीचा प्रोटोकॉल आमच्याकडेही आहे, १६०/११० पंधरा मिनिटं टिकलं की तासाभरात औषध गेलंच पाहिजे. फार चांगला आहे. पण तो सुरू कधी होतो, कोणीतरी दुसऱ्यांदा बीपीचा पट्टा बांधल्यावर! ती बाई १४८ वर होती, प्रोटोकॉलच्या हिशोबात काहीच नव्हतं, तिच्या डोकेदुखीशिवाय. कापडाचं वजन करता येतं, डोकेदुखीचं कसं करणार? तिथे तिच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो.

स्नेहल_एडिसन

मी सातव्या महिन्यात आहे आणि हे सगळं वाचून पोटात गोळा आलाय. एशियन आकडा सगळ्यात कमी आहे म्हणून आपण निर्धास्त राहायचं का? मला जेस्टेशनल (प्रेग्नन्सीतला) डायबेटिस निघालाय, डॉक्टर पाच मिनिटांत निघून जाते, मी प्रश्न लिहून नेते आणि अर्धे विचारायचे राहतात. भांडखोर न वाटता नक्की बोलायचं काय?

मुक्ता_अटलांटा

स्नेहल, घाबरू नकोस, डायबेटिस आपल्या बायकांमधे खूप दिसतो आणि नीट सांभाळला तर निभतो. तो एशियन आकडा चिनी, फिलिपिनो, भारतीय सगळ्यांना एकत्र धरून काढलाय त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नकोस. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आधी विचार, डॉक्टर बसायच्या आत. 'जरा बरं वाटत नाही' असं मोघम नको, कधीपासून, कुठे, काय केल्यावर वाढतं ते सांग. बाळंतपणानंतर डोकं न थांबता दुखलं, डोळ्यासमोर ठिपके आले, दम लागला, छातीत दुखलं, एकच पाय सुजला, तासाला एक पॅड भिजलं तर वाट बघत बसू नकोस, आणि ईआरमधे (इमर्जन्सीत) गेलीस की पहिलं वाक्य हे की मी वर्षाच्या आत बाळंत झालेय. ते विचारत नाहीत कित्येकदा. नवऱ्याला किंवा आईला हे सगळं आधीच पाठ करून ठेव, तुला बोलता येणार नाही तेव्हा त्यांनी बोलायचं. आणि कोणी टेस्ट नको म्हटलं तर शांतपणे म्हण की ही तक्रार मी केली आणि तुम्ही टेस्ट करत नाही आहात, एवढं चार्टमधे लिहा.

डॉ_रणजित_टेक्सास

स्नेहल, लक्षणांची यादी बरोबर आहे, फ्रीजवर लावून ठेवा. शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. चार्टमधे लिहा म्हटलं की समोरचा वकिलाचा विचार करायला लागतो. त्याऐवजी विचारा, तुम्हाला याहून वाईट काय असू शकतं असं वाटतंय आणि ते नाही हे कशावरून? ह्या प्रश्नाने मी स्वतः कितीदा परत खुर्चीत बसलोय.

रोहिणी_लेस्टर

डॉक्टर, तुम्ही बसता. जो बसत नाही त्याच्यासाठी ते चार्टचं वाक्य लागतं. स्नेहल, दोन्ही लिहून ठेव.