मदत हवी आहे: गच्चीवरून क्यूबसॅट ऐकायचेत, अँटेना कोणता?

मंडळी, लोकवर्गणीतून उभं राहिलेलं लाइटसेल २ हे क्यूबसॅट (ठोकळ्यांच्या ठरलेल्या मापात बांधलेला चिमुकला उपग्रह) प्रकारचं यान २०१९ मध्ये अवकाशात गेलं, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. स्वतःचा उपग्रह सोडणं खिशाला झेपणारं नाही, पण सॅटनॉग्स या उपग्रह ऐकणाऱ्या हौशी स्टेशनांच्या जाळ्यात आपलं स्टेशन जोडून इतरांच्या क्यूबसॅटचे संदेश तर पकडता येतात!

एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणलाय, घोडं अडलंय अँटेनापाशी. क्यूबसॅट जेमतेम १० मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. ४३७ मेगाहर्ट्झला डॉप्लरमुळे (म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे) फ्रिक्वेन्सी सुमारे १० किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकते, ते सॉफ्टवेअर सांभाळेल. पण सगळीकडचं ऐकणारा स्थिर टर्नस्टाइल अँटेना पुरेल, की एकाच दिशेला रोखायची यागी अँटेना आणि तिला उपग्रहामागे फिरवणारा रोटेटर लागेलच? टर्नस्टाइलवाल्यांनो, उपग्रह क्षितिजाजवळ असताना खरंच काही ऐकू येतं का? आणि प्रीअँप (क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) वर अँटेनापाशीच लावता ना?