टेसरॅक्ट सोर्सवरून बसवलं, कुठे एरर नाही, पण पीएनजी उघडतच नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापुरातून लिहितेय. मराठी कीबोर्डवरूनच टाईप करतेय, त्यामुळे कमांड आणि एरर पण देवनागरीतच आहेत, तेवढं समजून घ्या.

आमच्या पूर्व भागातल्या एका वाचनालयात जुन्या कागदांचं काम चाललंय. मार्शल लॉच्या काळावरची पत्रकं (१९३० च्या मे महिन्यातला सोलापूरचा मार्शल लॉ), १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी निघालेल्या स्मरणिका, गिरणी कामगारांच्या सभांच्या नोटिसा, विणकर समाजाच्या लग्नाच्या आणि वार्षिक सभेच्या पत्रिका, असं बरंच आहे आणि कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. स्कॅन झालेत. आता त्यातला मजकूर शोधता यावा म्हणून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) करायचंय. आणि आपल्या गावाचं तुम्हाला माहितीच आहे, एकाच पत्रकावर वर मराठी, खाली तेलुगू, कधी कानडी. म्हणून टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर घेतलं, कारण त्यात मराठी, तेलुगू, कानडी तिन्हीचा डेटा फुकट मिळतो आणि तिन्ही एकत्र पण लावता येतात.

आता अडचण. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर उबंटू २२.०४ आहे, रॅम ४ जीबी. ॲप्टमधून (उबंटूचं तयार पॅकेजेस बसवणारं साधन) टाकलं तर टेसरॅक्ट ४.१.१ येतं. मला ५ हवंय, एक म्हणजे ५ मध्ये आतलं गणित डबलऐवजी फ्लोटवर चालतं त्यामुळे मेमरी कमी खातं आणि आमच्याकडे मेमरीचीच मारामार, दुसरं म्हणजे जुन्या छापखान्यांच्या खिळ्यांवर पुढे ट्रेनिंग द्यायचंय. उबंटू २४.०४ वर जा म्हणजे ५ आपोआप येईल असं कृपया सांगू नका, त्याच मशीनवर पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर चालतं आणि ते बंद पडलं तर सभासद मला वाचनालयात पाय ठेवू देणार नाहीत.

तर मी एका व्हिडिओत दाखवलं होतं त्या क्रमाने केलं. आधी टेसरॅक्टला लागणारी लेप्टोनिका ही लायब्ररी, १.८४.१, सोर्सवरून, म्हणजे मूळ कोड स्वतः बिल्ड करून. कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल. कुठेही एरर नाही. मग टेसरॅक्ट ५.४.१ सोर्सवरून: ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक. मेकला चार जॉब दिले तर मध्येच "किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस" असं येऊन थांबलं, परत मेक दिलं तर पुढे गेलं आणि पूर्ण झालं. सुडो मेक इन्स्टॉल, सुडो एलडीकॉन्फिग. व्हर्जन विचारलं तर ५.४.१ म्हणतंय, खाली लेप्टोनिका १.८४.१. मला वाटलं झालं काम.

मग पहिलं पान दिलं आणि हे आलं:

एरर इन पिक्सरीडस्ट्रीमपीएनजी: फंक्शन नॉट प्रेझेंट
एरर इन पिक्सरीडस्ट्रीम: पीएनजी: नो पिक्स रिटर्न्ड
एरर ड्युरिंग प्रोसेसिंग

फाईल खराब असेल म्हणून दुसरी दिली, तेच. टिफ दिली, तेच, फक्त पीएनजीच्या जागी टिफ. जेपीजी पण तसंच. पण गंमत बघा, तेच पान बीएमपी करून दिलं तर उघडलं! उघडून पुढे "फेल्ड लोडिंग लँग्वेज एमएआर" म्हणून थांबलं ते वेगळं, पण चित्र तरी वाचलं. मराठीचा डेटा तर मी ॲप्टमधून टाकलाय, टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर नावाचं पॅकेज, मग सापडत का नाही?

म्हणजे प्रश्न असे: पीएनजी का वाचत नाही, मराठी का सापडत नाही, आणि ते मध्येच किल्ड झालेलं, त्यामुळे बिल्ड अर्धवट राहिलं असेल का? सगळं काढून पहिल्यापासून करायचं असेल तर तसं पण सांगा, फक्त काढायचं कसं ते नीट सांगा की, कारण ॲप्टने टाकलेलं असतं तर ॲप्टनेच काढलं असतं, हे सोर्सवरचं कुठे कुठे जाऊन बसलंय मला कळत नाही.

प्रतिसाद

ताई, बीएमपी उघडते हे तुम्ही लिहिलंत तिथेच अर्धं उत्तर आलं. टेसरॅक्ट स्वतः चित्र उघडत नाही, ते काम लेप्टोनिकाचं. लेप्टोनिकाला बीएमपी आणि पीएनएम हे साधे प्रकार स्वतःचे स्वतः वाचता येतात, पण पीएनजीसाठी लिबपीएनजी, जेपीजीसाठी लिबजेपीईजी, टिफसाठी लिबटिफ लागते. तुम्ही लेप्टोनिका बिल्ड केलं तेव्हा मशीनवर या लायब्रऱ्यांची डेव्ह पॅकेजेस नव्हती. नुसती लायब्ररी असून चालत नाही, हेडर फाईली लागतात, त्या डेव्हमध्येच येतात. आणि कॉन्फिगर यासाठी थांबत नाही. त्याच्या लेखी हे ऐच्छिक आहे. लिबपीएनजी शोधली, सापडली नाही, "नो" लिहिलं, पुढे गेला. शेकडो ओळी पळत असतात त्यात तो एक "नो" कोणाला दिसणार? मग पीएनजी वाचायच्या फंक्शनच्या जागी रिकामं फंक्शन बसतं, त्याचंच ते "फंक्शन नॉट प्रेझेंट".

खात्री करायची तर व्हर्जनचं आउटपुट परत बघा. लेप्टोनिकाच्या खाली लिबजेपीईजी, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब अशी एक ओळ असायला पाहिजे. नसेल तर हेच कारण, दुसरं काही शोधू नका.

प्रतिसाद

वरच्या दादांचं बरोबर आहे, पण मी म्हणेन सोर्सवरचं लेप्टोनिका ठेवायचंच कशाला? टेसरॅक्ट ५ ला लेप्टोनिका १.७४ किंवा त्याच्या पुढचं लागतं. २२.०४ च्या ॲप्टमध्ये १.८२ आहे. ते सगळ्या चित्रप्रकारांसकट बांधलेलं येतं. व्हिडिओवाले दोन्ही सोर्सवरून दाखवतात त्याची तुम्हाला गरज नाही.

काढायचं असं. लेप्टोनिकाचा सोर्स फोल्डर अजून आहे ना? डिलीट केला नसेल तर त्यात जाऊन सुडो मेक अनइन्स्टॉल द्या. ज्या कॉन्फिगरने बसवलं त्याच फोल्डरमधून दिलं की मेकला माहीत असतं काय कुठे टाकलंय. सगळं /युएसआर/लोकल च्या खाली गेलेलं असतं, ॲप्टचं सगळं /युएसआर च्या खाली, त्यामुळे देवघेवीच्या सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही, घाबरू नका. मग टेसरॅक्टच्या फोल्डरमध्ये पण तेच. मग सुडो एलडीकॉन्फिग.

नंतर ॲप्टमधून लिबलेप्टोनिका-डेव्ह. आणि ट्रेनिंग करायचंय म्हणालात तर आत्ताच लिबआयसीयू-डेव्ह, लिबपँगो१.०-डेव्ह आणि लिबकैरो२-डेव्ह पण टाका. हे तीन नसतील तर टेसरॅक्टचं कॉन्फिगर असंच गुपचूप पुढे जातं, फक्त एक वॉर्निंग देतं की ट्रेनिंग टूल्स बिल्ड होणार नाहीत, आणि दोन महिन्यांनी तुम्ही परत इथे धागा काढाल.

मग टेसरॅक्टमध्ये मेक डिस्टक्लीन, परत कॉन्फिगर, परत मेक. डिस्टक्लीन विसरू नका, त्याने आधीच्या बिल्डचं सगळं पुसलं जातं. आधीचं टेसरॅक्ट १.८४ वाल्या लायब्ररीला जोडलंय. १.८३ पासून लेप्टोनिकाच्या लायब्ररीचं फाईलनाव पण बदललंय, आधी लिबलेप्ट होतं, नंतर लिबलेप्टोनिका झालं. म्हणजे १.८४ काढून १.८२ टाकलं आणि टेसरॅक्ट तसंच ठेवलं तर ते सुरूच होणार नाही, "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल" म्हणेल. सगळं झाल्यावर एलडीडी (प्रोग्रॅम कुठल्या लायब्रऱ्या वापरतो ते दाखवणारी कमांड) चालवून बघा टेसरॅक्ट कुठलं लेप्टोनिका उचलतंय.

प्रतिसाद

किल्डचं मी सांगतो. ते ४ जीबी रॅममुळे. चार जॉब म्हणजे चार कंपायलर एकाच वेळी, सी++ च्या मोठ्या फाईलीला एकेक कंपायलर भरपूर मेमरी घेतो, मेमरी संपली की कर्नल त्यातल्या एकाला मारतो. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) "आउट ऑफ मेमरी" अशी ओळ सापडेल. परत मेक दिलं की राहिलेल्या फाईलींपासून पुढे जातं त्यामुळे तुमचं बिल्ड अर्धवट नाही, शेवटपर्यंत एररशिवाय गेलं असेल तर पूर्णच आहे. पण यावेळी एकच जॉब द्या, ब्राउझर बंद करा, आणि स्वॅप नसेल तर ४ जीबीची स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा. वेळ लागेल, लागू दे. सोलापूरच्या मे महिन्यात असल्या मशीनवर चार जॉब लावणं मशीनला पण बरं नाही.

मराठी न सापडण्याचं कारण सरळ आहे. सोर्सवरचं टेसरॅक्ट डेटा शोधतं /युएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये. ॲप्टचं मराठी पॅकेज डेटा ठेवतं /युएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/४.००/टेसडेटा मध्ये. दोघांची गाठच पडत नाही. एकतर टेसडेटा_प्रीफिक्स हा व्हेरिएबल त्या फोल्डरवर लावा (४ पासून थेट टेसडेटा फोल्डरचाच पत्ता द्यायचा, त्याच्या वरच्या फोल्डरचा नाही, जुन्या लेखांत उलटं लिहिलेलं सापडतं), नाहीतर फाईली कॉपी करा.

पण तुम्ही ट्रेनिंग करणार तर मी म्हणेन ॲप्टचा डेटा सोडा आणि टेसडेटा_बेस्ट मधून एमएआर, टीईएल, केएएन (मराठी, तेलुगू, कानडी) घ्या. ॲप्टमध्ये येतात ते फास्टवाले मॉडेल इंटीजरमध्ये दाबलेले असतात, त्यांच्यावर पुढे ट्रेनिंग देता येत नाही, बेस्टवर येतं. डाउनलोड करताना रॉ लिंकवरूनच करा, पानावर राईट क्लिक करून सेव्ह केलं तर एचटीएमएल फाईल उतरते, नाव मात्र ट्रेन्डडेटाच असतं, आणि मग परत "फेल्ड लोडिंग लँग्वेज".

धागाकर्ती

दादा, तिघांचेही मनापासून आभार. काय काय झालं ते सविस्तर लिहिते म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल.

आधी व्हर्जनचं आउटपुट बघितलं. लेप्टोनिकाच्या खाली ती लायब्रऱ्यांची ओळच नाही, थेट "फाउंड एसएसई४.१" वगैरे. भावाच्या लॅपटॉपवर ॲप्टचं टेसरॅक्ट आहे तिथे बघितलं तर लिबजेपीईजी, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब, लिबवेबपी सगळं एका ओळीत. मग लेप्टोनिकाच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग.लॉग पडलेला होता तो उघडून लिबपीएनजी शोधलं, तिथे स्पष्ट "नो". इतकं नीट लिहून ठेवलेलं असतं तिथे, मला वाटतं प्रत्येक शिकवणाऱ्या व्हिडिओत मेक मारायच्या आधी हा लॉग उघडून दाखवला पाहिजे, कारण नवीन माणूस एरर शोधतो आणि इथे एरर नसतेच.

दोन्ही अनइन्स्टॉल केलं, ॲप्टचं लेप्टोनिका आणि तिन्ही डेव्ह पॅकेजेस टाकली. कॉन्फिगर झाल्यावर शेवटी यावेळी लिहून आलं की ट्रेनिंग टूल्स पण बिल्ड करता येतील, मेक ट्रेनिंग द्या. एकच जॉब देऊन रात्री लावून घरी आले, सकाळी पूर्ण झालेलं होतं, किल्ड नाही काही नाही. एलडीडीत लिबलेप्ट दिसतंय, /युएसआर/लिब मधलं. बेस्टचा डेटा टाकला. देवघेव पण व्यवस्थित चालू आहे.

आणि पान वाचलं! १२ जानेवारीच्या एका स्मरणिकेचं पान होतं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, चारही नावं मजकुरात आली, "धनशेट्टी"तला ट्टी तुटला होता आणि काही ठिकाणी ळ चा ल झालाय, पण शोधल्यावर सापडण्याइतकं नक्की आहे. वाचनालयातल्या काकांना दाखवलं तर त्यांनी खुर्ची ओढली आणि पुढची पानं पण आत्ताच लावा म्हणाले.

एक गोष्ट ज्यांना दुरुस्ती व्हायच्या आत काम चालू ठेवायचंय त्यांच्यासाठी. आमचे स्कॅन पीडीएफमध्ये आहेत, त्यातून पानं काढायला मी पीडीएफटूपीपीएम वापरते. त्याला पीएनजी सांगितलं नाही तर ते पीपीएम देतं आणि पीपीएम लेप्टोनिका कुठल्याही लायब्ररीशिवाय वाचतं. फक्त फाईली लै मोठ्या होतात, ३०० डीपीआयला ए४ चं रंगीत पान साधारण २६ एमबी, म्हणून ग्रे लावा, मग तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

आता पुढचा प्रश्न, याच धाग्यात विचारते. मराठी आणि तेलुगू एकत्र लावलं की पान वाचायला खूप वेळ लागतोय आणि मराठी ओळींत मध्येच एखादं तेलुगू अक्षर घुसतंय. एमएआर आधी लिहिलं की टीईएल आधी लिहिलं यानेही निकाल बदलतोय. आमच्या बऱ्याच पत्रकांत वरचा अर्धा भाग मराठी आणि खालचा तेलुगू असा सरळ भाग आहे, तर पान आधीच कापून दोन भाग वेगवेगळ्या भाषेत द्यावेत का? पण कापायचं तर हजारभर पानं हाताने शक्य नाही. कोणी दोन लिपींच्या पानांवर असं काम केलं असेल तर लिपीची सीमा आपोआप कशी ओळखली ते सांगा, मराठी-कानडीवर केलेलं असलं तरी चालेल.