उच्छ्वासातील प्रथिने मोजून फुप्फुसांची स्थिती कळते का?

दीर्घश्वसन
मला अनेक वर्षांपासून दमा आहे. तपासणीत दर वेळी यंत्राच्या नळीत जोराने फुंकायला लावतात, पण त्यातून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते एवढेच समजते. आत सूज कितपत आहे, हे कळत नाही. उच्छ्वासातील प्रथिने मोजून हे ओळखता येते असे नुकतेच वाचनात आले. प्रथिनांची तर वाफ होत नाही, मग ती श्वासाबरोबर बाहेर येतात कशी? माझी नायट्रिक ऑक्साइडची चाचणी झालेली आहे, ती हीच का?

परीक्षानळी
शंका रास्त आहे. प्रथिने वाफेतून येत नाहीत, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबांतून येतात. आपण श्वास पूर्ण सोडतो तेव्हा सर्वांत बारीक श्वासनलिकांपैकी काही मिटतात. पुढचा श्वास घेताना त्या उघडतात आणि त्यांच्या भिंतींमध्ये ताणला गेलेला द्रवाचा पातळ पडदा साबणाच्या फुग्यासारखा फुटतो. त्यातून उडालेले, बहुतेक काही मायक्रोमीटरपेक्षाही लहान थेंब पुढच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. त्यांत अल्ब्युमिन हे रक्तातही असणारे प्रथिन असते, तसेच फुप्फुसांच्या आतल्या अस्तरावरील सर्फॅक्टंटमधील, म्हणजे फुप्फुसे मिटू न देणाऱ्या पातळ थरातील, प्रथिनेही असतात. फुंकण्याच्या चाचणीत बारीक नलिकांमधील बिघाड सुरुवातीला सहज लपून राहतो, म्हणून संशोधकांना या थेंबांचे इतके अप्रूप आहे.

नायट्रिक ऑक्साइडची चाचणी मात्र वेगळी आहे. तो वायू आहे, आणि तो उच्छ्वासात असतो हे १९९१ मध्ये दाखवले गेले. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण हवेच्या अब्ज भागांत २५ पेक्षा कमी असेल तर इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे होणारी सूज असण्याची शक्यता कमी, आणि ५० पेक्षा जास्त असेल तर ती असण्याची शक्यता अधिक, असे २०११ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सांगतात.

थंडनळी
काही काळ हे नमुने गोळा करण्याचे काम मी केले आहे, म्हणून अडचण कुठे येते ते सांगतो. माणसाने थंड केलेल्या नळीत १० ते १५ मिनिटे शांतपणे श्वास सोडला की तळाशी साधारण एक-दोन मिलिलिटर पाणी जमते. ते दिसायला साध्या पाण्यासारखेच असते आणि जवळजवळ सगळे पाणीच असते. फुप्फुसातील द्रवाचे थेंब त्यात हजारो पटींनी विरळ झालेले असतात, आणि किती पटींनी ते प्रत्येक नमुन्यात वेगळे. त्यामुळे एखादे प्रथिन कमी आढळले तर ते खरोखर कमी होते की त्या दिवशी थेंबच कमी आले, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. युरियासारखा रक्तात आणि फुप्फुसातील द्रवात जवळपास सारख्या प्रमाणात असणारा पदार्थ मोजून हिशेब जुळवण्याचा प्रयत्न करतात, पण तोही सरळ नाही.

शिवाय प्रथिने नळीच्या भिंतीला चिकटून राहतात, हाताळणाऱ्याच्या त्वचेतील केराटिन नमुन्यात शिरते आणि लाळेचा अंश मिसळला तर सगळाच घोटाळा होतो. लाळ ओळखण्यासाठी आम्ही अमायलेज हे लाळेतील पाचक द्रव्य तपासत असू, आणि ते आढळले की नमुना सरळ टाकून देत असू. बाष्पाऐवजी थेंबच वेगळे पकडून त्यांची संख्या मोजण्याची पद्धत मला त्यामुळे अधिक भरवशाची वाटते. नमुन्यात मुळात किती द्रव आला, याचा अंदाज तरी तिच्यात येतो.

दीर्घश्वसन
म्हणजे माझ्या पुढच्या तपासणीत ही चाचणी करून मागण्यात अर्थ नाही?

परीक्षानळी
सध्या नाही. कोणाला काय आजार आहे हे ठरवायला ती नेहमीच्या तपासणीत वापरली जात नाही. गटागटांची तुलना करताना फरक दिसणे वेगळे आणि एका माणसाच्या आकड्यावरून त्याचे औषध बदलणे वेगळे. आपला नायट्रिक ऑक्साइडचा जुना आकडा जवळ असेल तर पुढच्या वेळी तीच चाचणी पुन्हा करून दोन्ही आकडे डॉक्टरांना शेजारी शेजारी दाखवा.