मार्च एंडिंगला माणसं अंगावर का येतात?

फास्टलोकल
रोजची डोंबिवली-सीएसएमटी फास्ट, लेडीज डबा. चौथी सीट मिळाली तरी दिवाळी. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाची पर्स मानेवर, मी आपली मोबाईलवर मालिका बघत असते. पण मार्च एंडिंग सुरू झालं की ऑफिसात कुणी खुर्चीमागे येऊन उभं राहिलं तरी मान आखडते. घरी तर कहर. परवा पोळ्या लाटत होते, सासूबाई हिंगाची डबी घ्यायला मागून आल्या. चांगल्या हातभर लांब होत्या, मला वाटलं खेटल्याच! लाटणं गेलं खाली. नवरा म्हणतो, नाटकं. खरंच असं काही असतं का?

मज्जारज्जू
नाटकं नाहीत, नवऱ्याला सांगा. अंगाभोवतीच्या हातभर जागेची दखल मेंदू वेगळी घेतो. इटलीत रिझोलात्ती आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये माकडांच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, ज्या कातडीला स्पर्श झाला की चेततात आणि वस्तू नुसती जवळ आली तरी चेततात.

ही हद्द माणसागणिक बदलते. लंडनमध्ये सांबो आणि यान्नेत्ती यांनी मनगटाच्या नसेला विजेचा झटका देऊन पापण्या किती जोरात मिटतात ते मोजलं. हात चेहऱ्याजवळ असला की जास्त जोरात मिटतात. २०१३ च्या त्यांच्या अभ्यासात चिंताळू स्वभावाच्या लोकांची ही 'जवळ'ची हद्द चेहऱ्यापासून जास्त लांबवर पसरलेली निघाली. तुमचा ताण मार्चपुरता, त्यामुळे अगदी तेच म्हणणार नाही, पण जातकुळी तीच.

उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेत एका बाईच्या मेंदूतला अमिग्डला, म्हणजे भीतीशी जोडलेला भाग, दोन्ही बाजूंनी निकामी झालाय. समोरच्या अनोळखी माणसापासून किती अंतर बरं वाटतं, असं विचारल्यावर ती सुमारे ३४ सेंटिमीटरवर थांबली. इतरांची सरासरी ७६.

फास्टलोकल
मग लोकलमध्ये का नाही होत? तिथे ३४ मिलिमीटर पण नसतात.

मज्जारज्जू
माझा तर्क सांगतो. डब्यात धक्का बसणार हे चढतानाच ठाऊक असतं, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. ओट्याकडे तोंड करून उभं असताना मागून कोण येतंय, याचा पत्ता नसतो.

क्लचवाले काका
साताऱ्यात गाडी शिकवतो. शिकाऊ माणूस टेन्शनमध्ये असला की समोरून एसटी दिसताच स्टिअरिंग डावीकडे ओढतो. रस्ता भरपूर असतो हो! त्याला मात्र ती अंगावरच येतेय असं वाटतं. मी सांगतो, एसटीकडे बघू नको, जिथून जायचंय तिथे बघ.

मज्जारज्जू
काका, यावर प्रयोग झालाय, २०१२ चा. पडद्यावर मोठी होत जाणारी चित्रं दाखवून विचारलं, तुमच्यावर कधी आदळेल? साप-कोळी फुलपाखरं-सशांपेक्षा लवकर आदळतील असं लोकांना वाटलं. ज्याला भीती जास्त, त्याचा अंदाज आणखी अलीकडचा. तुमच्या पोरांचा साप म्हणजे एसटी.