‘पेट्रोलच्या वासाने कुणी मरत नाही’ म्हणणाऱ्यांना

मुक्ता_मिरज: काल इथे एकाने लिहिलं, “पंपावरची पोरं दिवसभर वास घेतात, तरी ठणठणीत असतात. पेट्रोलमधलं बेंझिन नावाचं रसायन हा नुसता बागुलबुवा.” रात्रभर डोक्यातून जाईना. माझा भाऊ नऊ वर्षं पंपावर होता. रोज सकाळी भूमिगत टाकीचं झाकण उघडून डिपरॉड, म्हणजे आतलं पेट्रोल मोजायची पट्टी, घालायचा, तोंड त्या भोकावरच. उन्हात थरथरत वर येणारी वाफ मी स्वतः पाहिलीय. हाताचं ग्रीसही पेट्रोलनेच धुवायचा. घरी आला की डोकं धरून बसायचा. पुढे रक्तातल्या पेशी घटत गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काम काय करता?”

जुना_डीलर: ताई, वाईट वाटलं. पण ३० वर्षं पंप चालवतोय, मला काही झालं नाही. पेट्रोलमधलं बेंझिन आता १ टक्क्यावर आणलंय. शिसंही २००० सालीच गेलं.

मुक्ता_मिरज: काका, तुम्ही केबिनमध्ये बसता. नोझल कुणाच्या हातात असतं?

टर्बो_दादा: १ टक्का सोडा, २० टक्के इथेनॉलचं बोला! माझ्या २०१४ च्या गाडीचं ॲव्हरेज पार बसलं.

ऊसवाला_शिरोळ: झालं सुरू! उसापासून होणाऱ्या इथेनॉलमुळे साखर कारखान्याकडे पैसा खेळतो, म्हणून उसाचं बिल हातात पडतं.

टर्बो_दादा: तुमच्या बिलासाठी माझे रबरी पाइप का कुजवायचे?

ऊसवाला_शिरोळ: तोंड सांभाळून. रानात एक दिवस उभं राहून दाखव.

टर्बो_दादा: पैसे मी मोजतो, तर बोलणारच.

मुक्ता_मिरज: दोघांनी वेगळा धागा काढा. इथे माणसाच्या रक्ताबद्दल चाललंय.

लॅबवाली: बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, यावर आता वाद उरलेला नाही. ते अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडात जिथे रक्त तयार होतं तिथेच घाव घालतं. बेंझिनची विषबाधा हा कायद्याने सरकारला कळवावाच लागणारा आजार आहे. आणि काका, पोरांना दिलेला कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफ नोझलपाशीच परत खेचावी लागते. महिन्याला ३०० किलोलिटर पेट्रोल खपेल अशा नव्या पंपांना ती यंत्रणा बसवायला केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२० मध्येच सांगितलंय.

जुना_डीलर: माझा पंप जुना, खप कमी. तो खर्च मी कुठून काढू? आणि गिऱ्हाईक? ऑटोकट झाल्यावरही, म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद झाल्यावरही, “अजून थोडं बसव, पाचशेचं पूर्ण कर” म्हणतं. तोंडापर्यंत टाकी भरली की वाफ सगळी पोराच्या नाकात. सगळं खापर डीलरवर फोडू नका.

लॅबवाली: हे मात्र खरं. मीही म्हणायचे. यापुढे नाही म्हणणार.

मुक्ता_मिरज: ऑटोकटचं मान्य. पण डिप घ्यायला रोज तोच पोरगा का?

जुना_डीलर: तो सगळ्यात जुना, माप चुकत नाही म्हणून… बरं. उद्यापासून पाळी लावतो. पोरांच्या रक्ताची तपासणीही करून घेतो, वर्षातून एकदा.

मुक्ता_मिरज: सहा महिन्यांनी करा. आणि पैसे त्यांच्या पगारातून कापू नका.